खालची जोडी

भाऊ गेटसमोर पालथे पडले की बघणारे आधी हसायचे आणि मग घाबरायचे. पन्नाशी उलटलेला, अंगानं काटकुळा माणूस, शर्ट नीट खोचलेला, खिशाला टेस्टर लावलेला, आणि भर दुपारी लोखंडी गेटच्या रुळाशेजारी असा आडवा पडलेला. समोरून चार माणसांना ढकलता येणार नाही असं गेट घरघरत सरकत येतंय आणि ते जवळ येताच भाऊंचा उजवा हात त्याच्या वाटेत रुळावर पसरतोय. गेट हातापासून दीड-दोन फुटांवर थबकायचं, आणि मागं फिरायचं. भाऊ उठून पॅंट झटकत आणि म्हणत, "पाह्यलं." मग पुन्हा आडवे. एकदा थांबलेलं गेट दुसऱ्यांदा थांबेलच यावर त्यांचा विश्वास नव्हता. तिसऱ्यांदा तर नव्हताच.

मी त्यांच्यासोबत नऊ वर्षं काम केलं. चंद्रपुरात ऑटोमॅटिक गेटं विकणारं एक दुकान आहे. त्या दुकानाचे बसवणारे आम्ही दोघं. मोटर आणि वायरिंग माझं, सेन्सर भाऊंचे. सेन्सर म्हणजे दोन छोट्या काळ्या डब्या. एक या खांबावर, दुसरी समोरच्या खांबावर, बरोबर एकमेकींच्या तोंडासमोर. एकीतून डोळ्यांना न दिसणारा उजेड निघतो, दुसरी तो झेलते. मध्ये गाडी, माणूस, ढोर काहीही आलं की झेलणाऱ्या डबीवर बारका लाल दिवा लागतो आणि बंद होत असलेलं गेट मागं फिरतं. एवढंच. इतर ठिकाणी हे काम अर्ध्या तासात उरकतं. भाऊंना दोन दिवस लागायचे, आणि ते दोन दिवस माझेही जायचे. नऊ वर्षांतला माझा सगळा थकवा एका जागी साठवला तर त्यातला निम्मा भाऊंच्या नावावर जाईल, असं मी तेव्हा म्हणत असे.

कारण काम सुरू करण्याआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "इथून कोण कोण जाते?"

एका बंगल्यावर मालकीणबाईंनी सांगितलं, "आमची गाडी."

"गाडी त जाईनच जी. बाकी?"

"बाकी कोणी नाही."

भाऊंनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहापासून रस्त्यापलीकडच्या दगडावर जाऊन बसले. मीही बसलो, काय करता? दूधवाला गेला. पेपरवाला गेला. धुणीभांडीवाली कडेवर लेकरू घेऊन गेली. शेजारची कोंबडी गेली आणि आली. साडेआठला एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत बाहेर आले आणि गेटच्या अगदी कडेला वाकून जास्वंदीची फुलं तोडू लागले. चांगली दहा मिनिटं वाकलेले होते. भाऊ उठले, बेल वाजवली आणि बाईंना म्हणाले, "तुमी तुमचे बाबाच मोजले नाई जी." बाई इतक्या चिडल्या की त्यांनी आमच्या मालकांना फोन केला. मालक माझ्यावर चिडले. भाऊंवर चिडून उपयोग नसतो हे त्यांनाही ठाऊक होतं.

दुसरी सवय उन्हाची. आमच्या चंद्रपूरचा मे महिना ज्यानं काढला त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. सकाळी जुळवलेल्या डब्या दुपारी जुळलेल्या राहत नाहीत. खांब तापतो, पत्रा तापतो, स्क्रू तापतो, आणि डबी केसभर हलते. केसभर इकडे, पण पंचवीस फुटांवर समोरच्या खांबापाशी तेच बोटभर होतं. म्हणून भाऊ सकाळी डब्या जुळवून निघून जात आणि दुपारी दोन वाजता परत येत. पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि आम्ही दोघं डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून कुणाच्या तरी गेटपुढे उभे. "सकायचं गेट आपण पाह्यलं," ते म्हणत, "दुपारचं कोण पाहीन?" संध्याकाळचं ऊन झेलणाऱ्या डबीच्या तोंडात शिरलं की ती आंधळी होते, म्हणून पश्चिमेकडे तोंड असलेली गेटं ते सहा वाजताही पाहत. मला घरी जायचं असे. माझी गुडघेदुखी तेव्हाच सुरू झाली.

त्यांच्याकडे दोन फोन होते. एक बोलायचा, एक बघायचा. बघायचा म्हणजे काचेला तडा गेलेला एक जुनाट फोन, त्यात सिमकार्डसुद्धा नव्हतं. पण त्याच्या कॅमेऱ्यातून डबीतला तो न दिसणारा उजेड जांभळट ठिपक्यासारखा दिसायचा. नव्या फोनमधून इतका स्वच्छ दिसत नाही म्हणून भाऊ त्या जुन्याला जिवापाड जपत, रुमालात गुंडाळून ठेवत. कुठंही गेले की घरच्या माणसांना, चौकीदाराला, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत. "पाहा जी. हे तुमाले दिसत नाई, पण ते तुमाले पाहून राह्यलं." लोकांना मोठी गंमत वाटे. मला पहिल्या दहा वेळा वाटली, पुढं वाटेनाशी झाली.

चिमूरकडच्या एका रिसॉर्टवर एक कोळी रोज डबीच्या तोंडावर जाळं विणायचा आणि गेट उघडंच्या उघडं राहायचं. मॅनेजरनं फवारा मारायचं ठरवलं. भाऊंनी अडवलं आणि तंबाखूचं पाणी करून डबीभोवती बोटानं फिरवलं. कोळी दोन वीत वर सरकला आणि तिथं सुखानं राहू लागला. त्यानंतर कधी त्या रिसॉर्टचा फोन आला की भाऊ आधी विचारत, "कोळी कसा आहे?" पलीकडच्या माणसाची काय पंचाईत होत असेल ते त्याचं त्यालाच माहीत.

"झालं" हा शब्द त्यांना चालत नसे. मी वायर जोडून "झालं भाऊ" म्हटलं की ते म्हणत, "झालं म्हणू नको, पाह्यलं म्हण." आणि टेस्ट नेहमी स्वतःच्या हातानं. काठी घालून, पुठ्ठा धरून, टोपलं ठेवूनही सेन्सर तपासता येतो. सगळे तसंच करतात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "गेटखाली काय काठीचा हात जाणार आहे?" बरं, दुसऱ्या कोणाला हात घालायला सांगावं, तर तेही नाही. "आपण बसवलेलं आपल्याच हातानं पाहावं."

इतकं कोणी करतं म्हटल्यावर त्याच्यामागं काहीतरी असणार, असं लोकांना वाटतं. आमच्या दुकानात पक्की बातमी होती की भाऊंचा लहान मुलगा गेटखाली सापडून गेला. कोणी म्हणे पुतण्या. कोणी म्हणे ते आधी कोळशाच्या खाणीत होते आणि तिथं सोबत्याचा पाय पट्ट्यात गेला. मीही ती गोष्ट बरीच वर्षं खरी मानून चाललो होतो आणि त्यामुळं त्यांचा वैताग आला तरी गप्प बसत होतो. एकदा जिवतीच्या शाळेचं गेट बसवायला जाताना घाटात गाडी पंक्चर झाली आणि आम्ही पळसाखाली बसलो होतो तेव्हा धीर करून विचारलं, "भाऊ, तुमच्या घरी काई झालं होतं काय?"

"काय होणार?"

"म्हणजे गेटनं कोणाले..."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "नाई बा. माया घरी त गेटच नाई." मग थोडा वेळ पंक्चरवाल्याच्या वाटेकडे बघत म्हणाले, "काऊन, काई व्हावंच लागते काय?"

मला खरं सांगायचं तर रागच आला. त्या काल्पनिक पोरापायी मी इतकी वर्षं उन्हात उभा होतो.

मूल गावच्या राईस मिलचं काम आलं तेव्हा आम्ही दोघंही थकलेलो होतो. भाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ते कोणाला सांगत नव्हते. मला कळलं, कारण बघायचा फोन ते नाकाला लावून धरायला लागले होते. मिलचं गेट मोठं, सरकतं. धानाचा हंगाम, दिवसभर ट्रक आत-बाहेर. ट्रक आत गेला की काही वेळानं गेट आपोआप बंद व्हायचं, कारण उघडं राहिलं तर गावातली ढोरं आत शिरून धानाच्या थप्प्यांना तोंड लावत.

भाऊंनी आपला प्रश्न विचारला. मॅनेजर म्हणाला, ट्रक. भाऊ सवयीप्रमाणं दिवसभर बसले. आणि त्यांना दिसलं की प्रत्येक ट्रक वळताना पोत्यांतून धान सांडतं, आणि ते घरंगळून नेमकं रुळाच्या खाचेत साचतं. ट्रक गेला की बाजूच्या वस्तीतल्या तीन-चार बाया सूप आणि फडा घेऊन येतात, खाचेशेजारी उकिडव्या बसतात आणि बोटांनी ते धान उकरून काढतात. पावसाळ्यात याच बाया तलावावर मासोळ्या धरायच्या, हंगामात हे. पूर्वीच्या गेटला माणूस ढकलायला असायचा, तो थांबायचा. आता मोटर होती.

आम्ही बसवलेली सेन्सरची जोडी गुडघ्याच्या वर होती. तिच्या उजेडात ट्रक यायचा, उभा माणूस यायचा. पण बाजूला बसून रुळात घातलेला हात तिच्या खालून जायचा. भाऊ मॅनेजरला म्हणाले, "अजून एक जोडी लागन. जमिनीपासून वीतभर."

"त्यापेक्षा बायांना हाकला ना," मॅनेजर म्हणाला.

"हाकला. उद्या येतीन."

त्या बायांत एक वयस्कर बाई होती, तिला ऐकू जवळपास येतच नव्हतं. गेट सरकताना वाजणारा भोंगा तिच्या कामाचा नव्हता. भाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले, बघायचा फोन काढून तिला जांभळा ठिपका दाखवला, मग झेलणाऱ्या डबीवरचा लाल दिवा दाखवला आणि हातवारे करून, ओरडून सांगितलं, "हात घातला की लाल दिवा लागन. लाल लागला म्हणजे गेट तुमाले पाहून राह्यलं. दिवा नाई लागला त हात काढजा!"

बाई हसली. "आमचा हात काई सोन्याचा आहे काय भाऊ?"

"धान त काढतो ना त्यानंच," भाऊ म्हणाले.

आमच्या मालकांना कसंबसं पटवून त्यांनी खालची जोडी बसवली. दोन दिवस आडवे पडून तपासली. आणि आठवडाभरात भाऊ डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीच्या गावी गेले, पंधरा-वीस दिवसांसाठी.

आता माझी गोष्ट. राईस मिलमध्ये कोंडा उडतो. हवेत, कपड्यांवर, भाकरीवर, सगळीकडे. तो त्या वीतभर उंचीवरच्या काचेवर बसायचा, सेन्सरला वाटायचं मध्ये कोणीतरी आहे, आणि गेट बंद व्हायचंच नाही. ढोरं आत. भाऊंनी चौकीदाराला फडकं देऊन ठेवलं होतं, दर दोन तासांनी पुसायला. चौकीदार एकटा, तो ट्रक मोजणार, पावत्या बघणार, ढोरं हाकणार की काच पुसणार? मॅनेजरचा मला फोन. मी चंद्रपूरहून मोटारसायकलवर मूलला जायचो, काच पुसायचो, परत यायचो. आठवड्यात तीनदा गेलो. चौथ्यांदा मॅनेजर म्हणाला, आज कायमचं कर, नाहीतर गेट उखडून नेता येईल तुम्हाला. वरची जोडी चालू होतीच. गुडघे ठणकत होते. मी कंट्रोल बॉक्स उघडला आणि खालच्या जोडीच्या दोन टोकांमध्ये तारेचा एक तुकडा अडकवला. आमच्या धंद्यात त्याला जंपर म्हणतात. त्यानं काय होतं तर सेन्सर आपलं काम करत राहतो, लाल दिवाही लागतो, पण मोटरपर्यंत निरोप जात नाही. मोटरला वाटतं, सगळं ठीक आहे.

त्या संध्याकाळी भाऊंचा फोन आला. डोळ्याला पट्टी होती त्यांच्या. माझी चौकशी नाही, स्वतःच्या डोळ्याचं नाही.

"मूलची खालची जोडी चालू आहे ना?"

"आहे ना भाऊ."

"पाह्यलं काय?"

"पाह्यलं."

इतकं सोपं होतं ते. मी स्वतःची समजूत घातली की भाऊ यायच्या आधी जाऊन तार काढून टाकू, तोवर हंगामही ओसरेल. बायांचा विचार मनात आला नाही असं नाही. आला. मी चौकीदाराला सांगितलं, बायांवर लक्ष ठेव. तो हो म्हणाला. एकमेकांना हो म्हणून आम्ही आपापल्या कामाला लागलो.

भाऊ दोन दिवस आधीच परतले. चंद्रपूरला आलेच नाहीत, मुलीच्या गावाहून बसनं थेट मूलला उतरले, काळा चष्मा लावून. मी त्या वेळी गडचिरोलीला एका हॉस्टेलच्या गेटवर होतो. भाऊंनी चौकीदाराला बटण दाबायला सांगितलं आणि रुळाशेजारी आडवे पडले. गेट जवळ आल्यावर नेहमीप्रमाणं हात रुळावर. नजर गेटवर नाही, समोरच्या डबीवर, कारण निरोप तिथं दिसतो. लाल दिवा लागला. म्हणजे गेट थांबणार. ते निवांत पडून राहिले. एरवी जड वस्तू आडवी आली तर मोटर स्वतःही थांबते, पण रुळात धान अडकून हे गेट सारखं थांबायचं म्हणून तिचा जोर आम्हीच वाढवून ठेवला होता. चाक त्यांच्या दोन बोटांवरून गेलं.

चौकीदाराचा फोन आला तेव्हा मी मोटारसायकल काढली. मूलला पोचल्यावर दवाखाना आधी लागतो. मी दवाखान्यापुढून तसाच पुढं गेलो आणि आधी मिलवर गेलो. बॉक्स उघडला, तार काढली, खिशात घातली. मग दवाखान्यात जायला वळलो, तर ती ऐकू न येणारी बाई गेटपाशी उभी होती. हातात रिकामं सूप. माझी बाही धरून म्हणाली, "लाल दिवा लागला होता. मी पाह्यलं. भाऊले सांगजा, मी पाह्यलं."

मी मान हलवली आणि बाही सोडवून घेतली.

भाऊंना चंद्रपूरला हलवलं. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली, तर्जनी आणि मधलं. मी खाटेशी बसलो होतो. औषधाच्या गुंगीत ते पुन्हा पुन्हा एकच विचारत होते. "लाल लागला होता रे. मी पाह्यलं होतं. का डोयानं धोका देला?"

आणि मी म्हणालो, "ऑपरेशन ताजं आहे ना भाऊ. होते असं."

दुकानातून माणूस जाऊन गेट तपासून आला. दोन्ही जोड्या व्यवस्थित चालत होत्या. चालणारच. मग निष्कर्ष निघाला तो सगळ्यांना पटला: म्हाताऱ्याला दिसत नाही आणि उगाच रुळात हात घालतो. लोक हळहळले आणि थोडे हसलेही. सगळ्या जिल्ह्याचे हात वाचवायला निघाले होते आणि स्वतःचाच घातला, असं कोणी म्हटलं की मी तिथून उठून जात असे. मालकांनी भाऊंना साइटवर पाठवणं बंद केलं. भाऊंनी तक्रार केली नाही. विचारणाऱ्याला ते स्वतःच सांगत, "मलेच दिसलं नाई."

महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा संध्याकाळची वेळ होती. भाऊ ओसरीवरून अंगणात उतरत होते. दोनच पायऱ्या. वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून, पाय चाचपडत उतरत होते. मी घाबरून विचारलं, "डोळे बिघडले काय?" वहिनी म्हणाल्या, डॉक्टर म्हणतो डोळे एकदम चांगले आहेत, पहिल्यापेक्षा चांगले. "पण यांचा आता डोयावर भरोसाच नाई राह्यला. सायकल सोडली. दूध उतू गेलं तरी मले विचारते, उतू गेलं काय म्हणून."

बोटं गेली हे मी कसंतरी गिळलं होतं. अपघात म्हणून, नशीब म्हणून, थकवा म्हणून. पण ज्या माणसाला केसभर सरकलेली डबी दिसायची तो स्वतःच्या अंगणात पायरी चाचपडत होता, आणि ते मी केलं होतं. त्याला काही नाव देता येईना. वहिनी चहा करायला आत गेल्या आणि मी खिशातून तो तारेचा तुकडा काढून भाऊंच्या पुढ्यात ठेवला.

"हे खालच्या जोडीवर होतं भाऊ. मी लावलं होतं. तुमच्या डोयात काई खोट नाई. लाल लागलाच होता. त्या बाईनं बी पाह्यलं, तिनं तुमाले सांगाले सांगतलं होतं. मी सांगतलं नाई."

भाऊंनी तार डाव्या हातात घेतली, उजेडाकडे धरली. तिची दोन्ही टोकं नीट तासलेली होती. त्यांनीच मला तसं तासायला शिकवलं होतं. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग लाल लागला होता," ते म्हणाले.

"हो."

"मले दिसला होता."

"हो भाऊ."

त्यांनी एकदा डोळे मिटले आणि उघडले. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, दाराच्या कडीकडे बघितलं, अंगणातल्या पायरीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"एक सांग. माया जागी त्या बाईचा हात असता, तं तू मले सांगतलं असतं काय?"

मी हो म्हणणार होतो. तोंडावर आलंच होतं. पण त्यांच्याशी आधी दोनदा खोटं बोलून झालं होतं आणि मी फार थकलो होतो.

"नाई," मी म्हणालो. "नसतं सांगतलं."

त्यांनी मान हलवली. राग दिसला नाही मला त्यांच्या तोंडावर. मोठ्या कामाला लागण्याआधी माणूस बसल्या जागी जरा सैल होतो, तसे ते झाले. वहिनी चहा घेऊन आल्या, तर त्यांना म्हणाले, "तो नातवाचा कागद-पेन आण वं जरा."

वहिनींनी वही आणून दिली. भाऊंनी ती मांडीवर घेतली, पेन डाव्या हातात कसंबसं धरलं आणि मला विचारलं, "अजून कुठी कुठी लावली?"

ऐकणाऱ्याला वाटेल, एकदाच केलेली चूक होती. एकदाच केलेली नव्हती. नऊ वर्षांत, भाऊ सोबत नसताना, कोणाच्या कटकटीला कंटाळून, कधी ऊन म्हणून, कधी बस चुकेल म्हणून. मी कधी मोजली नव्हती, पण मला एकूण एक जागा पाठ होती. हॉस्टेलचं गेट, ज्याच्यापुढे मी त्या दिवशी उभा होतो. जिवतीची ती शाळा. जास्वंदीचा बंगला.

मी सांगायला सुरुवात केली. डाव्या हातानं लिहायला भाऊंना वेळ लागत होता, म्हणून एक नाव सांगून मी थांबायचो आणि त्यांचं लिहून झालं की पुढचं सांगायचो.